टॉर्चच्या एलईडीला करंट किती सोसतो?

गेल्या काही आठवड्यांत टॉर्चविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच मुद्द्यापाशी येऊन मिळतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. आपल्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणण्याची पद्धत आहे. घोटाळा नको म्हणून खाली दिव्याला टॉर्च आणि त्यात घालायच्या बॅटरीला सेल असे म्हटले आहे.

प्रश्न : आमच्याकडे शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची असते. उसाला पाणी धरायला जाताना बिबट्याची भीती असते, म्हणून मी १८६५० आकाराच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलवर चालणारा, लांब उजेड टाकणारा टॉर्च वापरतो. माझा पुतण्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचे शिक्षण घेतो. उजेड वाढावा म्हणून त्याने आतली सर्किटची चकती काढून सेल थेट एलईडीला जोडला. पहिल्या रात्री चार-पाच मिनिटे उजेड डोळे दिपवणारा होता, मग तो निळसर झाला आणि टॉर्च हातात धरवेना. पुढची काच सैल झाली होती, ती त्याने झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. आठवडाभरात उजेड पिवळट होऊन निम्म्यावर आला. एलईडी जळाला असता तर तो पूर्ण विझायला हवा होता ना? आणि अशा एलईडीला नेमका किती करंट सोसतो?
– एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : तार तुटली की बल्ब गेला, हा आपल्या सर्वांचा जुना अनुभव आहे, त्यामुळे ‘जळाला म्हणजे विझला’ असे वाटणे स्वाभाविक आहे. एलईडी मात्र बहुतेक वेळा असा एका क्षणात जात नाही. तो हळूहळू मंद होतो, रंग बदलतो, आणि तरीही पेटत राहतो. आपल्या पत्रात तीन लक्षणे आहेत : आधी निळसरपणा, त्याच वेळी असह्य उष्णता, आणि नंतर पिवळट मंदपणा. उष्णता हे पहिल्या लक्षणाचे कारण आहेच. तिसऱ्यामागे मात्र आणखी एक संशयित आहे, त्याकडे पुढे येतो.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. गॅलियम नायट्राइडच्या जातीच्या अर्धवाहकापासून बनवलेली छोटी चकती निळा प्रकाश देते, आणि तिच्यावर दिलेला पिवळ्या फॉस्फरचा थर त्यातला काही भाग शोषून पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून आपल्याला पांढरा दिसतो. (तेजस्वी निळा एलईडी साध्य केल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कारणाने, निळा हाती आल्यावरच पांढऱ्याची वाट मोकळी झाली.) करंट मर्यादेपलीकडे वाढवला की निळा प्रकाश आणि उष्णता दोन्ही एकदम वाढतात. तापलेल्या फॉस्फरची निळ्याचे पिवळ्यात रूपांतर करण्याची ताकद त्याच वेळी घटते, आणि न बदललेला निळा अधिक प्रमाणात बाहेर पडतो. आपल्याला दिसलेला निळसरपणा म्हणजे एलईडी सोसण्याच्या टोकाला पोचल्याची खूण होती. त्या वेळी टॉर्च बंद केला असता तर फारसे नुकसान झाले नसते, असे मला वाटते.

सेल थेट जोडल्याने करंट इतका का वाढला, हेही पाहायला हवे. एलईडी साध्या रोधासारखा वागत नाही. ठरावीक विद्युतदाबापर्यंत त्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही, आणि त्यापुढे दाब व्होल्टच्या दहाव्या भागाने वाढला तरी करंट कितीतरी वाढतो. पूर्ण चार्ज झालेल्या १८६५० सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो, तर मोठ्या पांढऱ्या एलईडीला त्याच्या पूर्ण क्षमतेवर सव्वातीन ते साडेतीन व्होल्ट पुरतात. मधल्या फरकाला आवर घालण्याचे काम काढून टाकलेली ती सर्किटची चकती, म्हणजे ड्रायव्हर, करत होती. ती गेल्यावर सेलचा अंतर्गत रोध, स्प्रिंग आणि स्विच यांच्या रोधाशिवाय करंटला अडवणारे काही उरले नाही. त्यात भर अशी की, एलईडी तापला की त्याला लागणारा दाब आणखी कमी होतो, म्हणजे त्याच सेलमधून तो अधिकच करंट ओढतो. चांगल्या प्रतीचा, कमी अंतर्गत रोधाचा सेल अशा जोडणीत उलट जास्त घातक ठरतो.

आता किती सोसतो, या प्रश्नाकडे येऊ. आपल्या टॉर्चमध्ये कोणता एलईडी आहे ते पत्रावरून कळत नाही, म्हणून टॉर्चमध्ये अतिशय रुळलेल्या एका एलईडीचे उदाहरण घेतो. क्री कंपनीच्या एक्सएम-एल या एलईडीची कमाल मर्यादा ३ अँपिअर आहे. त्याच्या यू-२ प्रतीचा उजेड ७०० मिलिअँपिअरला ३०० ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे एकूण उजेडाचे माप) आणि ३ अँपिअरला सुमारे ९७५ ल्यूमेन भरतो. पहिल्या स्थितीत तो साधारण २ वॅट घेतो, दुसऱ्या स्थितीत १० वॅट. म्हणजे वीज पाचपट दिली तेव्हा उजेड सव्वातीनपट झाला. एका वॅटमागे सुमारे दीडशे ल्यूमेन मिळत होते ते शंभराच्या खाली आले, आणि हे सगळे मर्यादेच्या आत राहून. मर्यादा ओलांडण्याआधीच एलईडी आपल्याला कमी-कमी परतावा देऊ लागलेला असतो, ही गोष्ट हौशी मंडळी सहसा विसरतात.

या घसरणीचे मोठे कारण केवळ उष्णता नाही. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा एकत्र आली की प्रकाशाचा कण बाहेर पडायला हवा. पण गर्दी वाढली की ती ऊर्जा प्रकाशाऐवजी जवळच्याच तिसऱ्या कणाला मिळते आणि शेवटी तिची उष्णता होते. ही प्रक्रिया करंटच्या घनतेबरोबर फार वेगाने वाढते. त्यामुळे एलईडीवर किती अँपिअर लिहिले आहेत यापेक्षा प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती अँपिअर पडतात हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. एक्सएम-एलची चकती सुमारे ४ चौरस मिलिमीटरची आणि मर्यादा ३ अँपिअरची. त्याच कंपनीच्या धाकट्या एक्सपी-जीची चकती सुमारे २ चौरस मिलिमीटरची आणि मर्यादा दीड अँपिअरची. दोन्हींचे गुणोत्तर एकच येते, हा योगायोग नव्हे.

मर्यादेच्या पलीकडे मात्र सारा खेळ उष्णता बाहेर काढण्याच्या वाटेचा आहे. तारेच्या बल्बमधली बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर पुढे निघून जाते. पांढऱ्या एलईडीच्या झोतात तशी उष्णता जात नाही, ती चकतीच्या पाठीमागून धातूतूनच वाहून न्यावी लागते. चकती, तिच्याखालचे सिरॅमिक, सोल्डरचा थर, धातूची पट्टी, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट, टॉर्चचे अंग आणि शेवटी हवा, अशी ती वाट आहे, आणि यातला एक टप्पा जरी कच्चा असला तरी पुढचे सगळे पक्के असून उपयोग नाही. एक्सएम-एलमध्ये चकतीपासून सोल्डरच्या थरापर्यंत दर वॅटमागे अडीच अंश सेल्सिअसचा फरक पडतो. ३ अँपिअरला १० वॅट धरले तर चकती सोल्डरपेक्षा २५ अंशांनी गरम राहील, आणि तिची कमाल मर्यादा १५० अंश आहे. म्हणजे भरपूर जागा शिल्लक आहे. आता करंट दुप्पट, ६ अँपिअर करू. दाबही साडेतीन व्होल्टच्या पुढे जातो, म्हणजे बावीसेक वॅट होतात आणि फरक ५५ अंशांचा होतो. सोल्डर ८० अंशांवर ठेवता आले तर चकती १३५ अंशांवर तग धरेल. पण स्वस्त टॉर्चमध्ये एलईडी अॅल्युमिनियमच्या ज्या पट्टीवर बसवलेला असतो, तिच्यावर वीजरोधक थर असतो, आणि तो उष्णतेलाही अडवतो. तिथे आणखी दर वॅटमागे चार अंश वाढले असे धरले, तर बावीस वॅटला एकदम ८८ अंशांची भर पडते आणि मर्यादा कधीच मागे पडते. पट्टीखाली पेस्टच नसेल, आणि स्वस्त टॉर्च उघडल्यावर ती पुष्कळदा नसतेच, तर मग विचारायला नको.

म्हणूनच काही हौशी लोक हाच एलईडी तांब्याच्या पट्टीवर बसवतात. त्याचा मधला तळ विजेच्या दृष्टीने तटस्थ असतो, त्यामुळे तो वीजरोधक थराशिवाय सरळ तांब्याला सोल्डर करता येतो. अशा जोडणीत उजेड मर्यादेच्या साधारण दुप्पट करंटपर्यंत वाढत जातो. त्यापुढे करंट वाढवला तर उजेड घटू लागतो. ते शिखर गाठले तरी उजेड ३ अँपिअरच्या दीडपटीच्या आसपासच राहतो. आपल्या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही तो यामुळे : तोच एलईडी तांब्यावर ५ अँपिअर सहज सोसेल आणि पेस्ट नसलेल्या पट्टीवर ३ अँपिअरलाही हळूहळू मरेल.

पूर्ण विझण्याचे प्रकारही घडतात. चकतीला वीज पोचवणाऱ्या, केसाहून बारीक अशा सोन्याच्या तारा अतिकरंटने वितळून तुटतात, तेव्हा अंधार एका क्षणात होतो. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळू लागते, आणि तेवढी उष्णता झाली तर एलईडी अक्षरशः जागेवरून सरकतो. आपल्या टॉर्चचे इथवर गेलेले नाही.

उरला पिवळटपणा. एक शक्यता अशी की, फॉस्फरभोवतीचे पारदर्शक सिलिकोन उष्णतेने करपून तपकिरी झाले आहे. तसे असेल तर त्यावर उपाय नाही, एलईडी बदलावाच लागेल. पण आपण गोंदाचा उल्लेख केला आहे, आणि माझा संशय तिकडेही जातो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ बंद टॉर्चमध्ये साचते, सिलिकोनमध्ये मुरते आणि तीव्र निळ्या प्रकाशाने व उष्णतेने तिचा रंग काळपट होतो. एलईडी बनवणारे आपल्या माहितीपत्रकांत अशा गोंदांविरुद्ध स्पष्ट सूचना देतात. हा डाग पुष्कळदा परत जातो. पुतण्याला काच काढून एलईडी उघड्या हवेत, अगदी कमी करंटवर काही तास चालवायला सांगावे. रंग सुधारू लागला तर दोष गोंदाचा होता. काहीच फरक पडला नाही तर सिलिकोन करपले आहे. पुन्हा काच बसवताना रबरी कडे वापरावे, गोंद नको.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट सेलची आहे. काढलेला ड्रायव्हर पुष्कळ टॉर्चमध्ये सेल फार उतरल्यावर दिवा बंद करण्याचेही काम करतो. तो नसताना सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला तर आतून बिघडतो, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. सेलवर छापलेल्या आकड्यांवरही विसंबू नये. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्यावर नऊ-दहा हजार छापले असतील तर तो आकडा खोटा आहे, आणि अशा सेलकडून पाच-सहा अँपिअर मागणे म्हणजे हातात निखारा धरणे आहे. तेव्हा ड्रायव्हर आधी परत बसवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याला हवे आहे ते अंतर, आणि अंतराचे गणित करंटला फारसे अनुकूल नाही. झोत पोचण्याचे अंतर झोताच्या तीव्रतेच्या वर्गमुळाने वाढते. एवढे कष्ट करून उजेड दीडपट केला तरी अंतर सव्वापटीलाही पोचत नाही : शंभर मीटरचे एकशे बावीस मीटर. त्याच एलईडीसाठी दुप्पट व्यासाचा परावर्तक घेतला तर झोताची तीव्रता चौपट आणि अंतर दुप्पट होते, तेही करंट न वाढवता. उसाच्या सरीत उभे राहून बांधापलीकडचे पाहायचे असेल तर रुंद तोंडाचा आणि लहान चकतीच्या एलईडीचा टॉर्च घ्यावा. पुतण्याने केले ते शिकण्याच्या दृष्टीने वाया गेलेले नाही, पण रात्री एकट्याने शेतात जाताना हातातला दिवा प्रयोगाचा नसावा. जवळ एक साधा दुसरा टॉर्चही ठेवावा.

प्रश्न : गडांवरच्या रात्रीच्या चढाईसाठी घेतलेल्या माझ्या नव्या टॉर्चवर १२०० ल्यूमेन लिहिले आहे. पूर्ण उजेडावर लावला की चार-पाच मिनिटांनी तो आपोआप बराच कमी होतो. ही फसवणूक आहे का? उष्णतेवरचे हे नियंत्रण काढून टाकता येते असे एक मित्र सांगतो. तसे करावे का?
– एक गिर्यारोहक, नाशिक

उत्तर : ही फसवणूक नाही, आणि नियंत्रण काढू नये. टॉर्च मोजण्याची जी एएनएसआय (अमेरिकेतील मानक संस्था) एफएल-१ ही पद्धत प्रचलित आहे, तिच्यात ल्यूमेन मोजले जातात ते दिवा लावल्यापासून ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान. डब्यावरचा आकडा त्या पहिल्या दोन मिनिटांचा असतो. तो तासभर टिकेल असे वचन त्यात नाही, पण खोक्यावर ही गोष्ट ठळक छापली तर ग्राहकांचा गैरसमज टळेल, असे माझे मत आहे.

कारण साध्या आकडेमोडीत दिसते. एका सेलचा टॉर्च साधारण १३ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर जाड धरला तर त्याचे बाहेरचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. स्थिर हवेत, अंग हवेपेक्षा ३० अंशांनी गरम असताना, एवढ्या पृष्ठभागावरून जेमतेम ३ वॅट उष्णता बाहेर जाते. १२०० ल्यूमेनसाठी एलईडीला बारा-तेरा वॅट लागत असतील तर त्यातले आठ तरी उष्णतेत जातात. जास्तीचे पाच वॅट टॉर्चच्या अंगातच साठत राहणार. शंभर ग्रॅम अॅल्युमिनियमला एक अंश तापायला सुमारे ९० जूल लागतात, तेव्हा सुरुवातीला, अंग थंड असल्याने जवळजवळ सगळे आठ वॅट आतच राहतात तोवर, दर मिनिटाला पाच अंश असा वेग येतो आणि पाच-सहा मिनिटांत अंग पंचवीस-तीस अंशांनी चढते. आपण नोंदवलेली चार-पाच मिनिटे या हिशेबाशी नीट जुळतात. हिवाळ्यात गडाच्या धारेवर वारा असेल तर हाच टॉर्च पूर्ण उजेड जास्त वेळ टिकवेल, आणि एप्रिलमध्ये लवकर माघार घेईल. एकदा घड्याळ लावून पाहावे.

नियंत्रण काढले तर वरच्या उत्तरातल्या टॉर्चसारखी गत होईल, फक्त अधिक सावकाश. शिवाय डोळ्याचा स्वभावही लक्षात घ्यावा. उजेड निम्मा झाला म्हणून तो निम्मा वाटत नाही, थोडासाच कमी वाटतो. पायवाट चढताना दीडशे-दोनशे ल्यूमेन पुरतात, आणि पूर्ण उजेड वाट शोधण्याच्या त्या दोन मिनिटांसाठी राखून ठेवलेला बरा.

प्रश्न : एलईडीचे आयुष्य पन्नास हजार तास असते असे सगळीकडे वाचतो. मग जास्त करंट देऊन ते अर्धे झाले तरी पंचवीस हजार तास उरतातच. टॉर्चसाठी एवढे पुरेसे नाही का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : प्रश्न चांगला आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. पन्नास हजारांसारखे आकडे एलएम-८० या चाचणीतून आणि तिच्यावर आधारलेल्या टीएम-२१ या गणितातून येतात. एलईडी ठरावीक तापमानांना आणि ठरावीक करंटवर निदान ६,००० तास अखंड पेटवून त्याचा उजेड किती घटतो ते मोजतात, आणि पुढचा अंदाज बांधतात. पुरेसे नमुने तपासलेले असले तरी हा अंदाज चाचणीच्या सहापटीपेक्षा पुढे सांगण्याची मुभा नसते. आयुष्य संपले असे म्हणतात ते उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आल्यावर, विझल्यावर नव्हे. हे सारे त्या करंटपुरते आणि त्या तापमानापुरते खरे असते. मर्यादेच्या दुप्पट करंटवर ते ‘अर्धे’ होते असे मानायला काही आधार नाही. तिथे सिलिकोन करपणे, तारा तुटणे, सोल्डरला तडे जाणे अशी वेगळीच कारणे पुढे येतात, आणि ती उजेडाच्या सावकाश घसरणीची वाट पाहत नाहीत.

तरीही आपल्या म्हणण्यातले खरे ते मान्य करायला हवे. रोज अर्धा तास टॉर्च लावला तरी वर्षाचे १८० तासच होतात. तांब्याच्या पट्टीवर नीट सोल्डर केलेला, चांगल्या धातूच्या अंगात बसवलेला आणि एका वेळी मिनिट-दोन मिनिटेच पूर्ण करंटवर चालणारा एलईडी काही शे तास टिकला, तरी हौशी माणसाची दोन-तीन वर्षे त्यात निघतात. घरी प्रयोग करणाऱ्याने हे जरूर करून पाहावे, फक्त करंट मोजताना साध्या मल्टिमीटरच्या लांब, बारीक तारांवर विसंबू नये. त्यांचा स्वतःचा रोध इतका असतो की ५ अँपिअरच्या जागी साडेतीनच दिसतात आणि सगळे आलबेल वाटते. जाड, आखूड तारा किंवा डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वापरावा, आणि प्रत्येक वेळी करंटबरोबर उजेडही मोजावा. पांढऱ्या छताकडे झोत टाकून मोबाइलमधील प्रकाशमापकाचे आकडे ओळीने लिहून ठेवले तरी करंट वाढवूनही उजेड वाढेनासा होतो तो बिंदू स्पष्ट सापडतो. त्या बिंदूच्या तीन-चतुर्थांशावर मी स्वतः थांबतो.